कठीण पाणी

पाथरवटाच्या पोटात दगड सापडला, तेव्हा वस्ती आधी हसली आणि मग घाबरली. हसायला कारणही तसंच होतं. बावीस वर्षं हा माणूस दगड फोडत आला होता आणि शेवटी दगडानेच त्याला आतून गाठलं, ही गंमत दुसऱ्याला सांगायचा मोह कुणाला आवरणार? घाबरायची पाळी नंतर आली, विहिरीची आठवण झाल्यावर.

झालं ते खाणीवर, सकाळी दहाच्या सुमाराला. पाथरवट एका चिऱ्याची कड सरळ करत बसला होता. हातोडा वर गेला तो खाली आलाच नाही. तो कमरेत वाकला, गुडघ्यांवर आला आणि चिऱ्याला मिठी मारून पडला. शेजारच्यांना वाटलं, बोट चिरडलं. पण बोटं दहाच्या दहा शाबूत होती. चौघांनी त्याला दगड वाहायच्या फळीवर घातलं आणि तासभराची वाट तुडवत घरी आणलं. अंगठ्याचं नख उखडलं तेव्हा हूं की चूं न करणारा हा माणूस अंगणात गडाबडा लोळत होता, ओकत होता आणि ओकून काही पडत नव्हतं. फळीवर त्याच्या पाठीचा घामाचा ठसा उमटला होता.

त्याची बायको विहिरीवर पाणी शेंदत होती. तिच्या हातातला दोर सुटला आणि बादली विहिरीत गेली.

वस्तीत या बाईला चुनखडी म्हणत. नाव पडलं ते विहिरीपायी. लग्न झालं त्या वर्षी नवरा-बायकोने मिळून अंगणात ही विहीर खणली होती. माती हातभरच, त्याखाली नुसता पांढरा चुन्याचा दगड. तो आत उतरून छिन्नी चालवायचा आणि ती वर उभी राहून टोपलीने दगड ओढायची. पोट दिसायला लागलं तरी तिने ओढणं थांबवलं नव्हतं. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. असे सहा पुरुष खाली गेल्यावर पाणी लागलं. तोवर ती डोक्यापासून पायापर्यंत इतकी पांढरी झाली होती की कुणीतरी थट्टेने चुनखडी म्हणालं आणि तेच चिकटलं. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. पाणी लागलं तेव्हा पहिली बादली तिने आधी वस्तीला वाटली होती आणि तेव्हापासून अंगणाला कधी फाटक बसवलं नव्हतं.

पाणी जड होतं, हे खरंच. त्यात साबणाला फेस यायचा नाही, नुसती पांढरी साय तरंगायची. हरभरे भिजवून शिजायला दुपार व्हायची. केस दोरखंडासारखे व्हायचे. पण चवीला ते पाणी असं होतं की उन्हातून आलेला माणूस पहिला तांब्या संपवून, काही न बोलता, दुसऱ्यासाठी तांब्या पुढे करायचा.

मग दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या तोंडाशी फिल्टर बसला. घरटी दिवसाला एक कॅन ठरला. पाथरवटाची लेक शिलाईच्या दुकानात काज-बटणं करायची; तिने त्या पाण्याने एकदा केस धुतले आणि ती फिल्टरचीच झाली. वयच तसं होतं, तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण तिने नुसते केस धुतले नाहीत. वडलांवर तिचा भारी जीव. जड पाण्याने पोटात खडे होतात असं फिल्टरवाल्याने सांगितलं आणि त्या दिवसापासून तिने खाणीवर जाणारं बाबांचं विहिरीचं मडकं बंद केलं. कॅन एकच, घरात माणसं तीन, स्वयंपाक त्यातच; म्हणून ती रोज सकाळी मापून एक बाटली भरायची आणि बाबांच्या हातात द्यायची. चुनखडी एकटी विहिरीचं पीत राहिली. घरात दोन पाणी झाली आणि माय-लेकींत एक न भांडता चाललेलं भांडण सुरू झालं.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर पाथरवट जरा सरळ झाला. फोटो काढला. मुगाएवढा खडा आहे, आपणहून पडेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता?

“एक बाटली,” पाथरवट म्हणाला आणि तशा अवस्थेतही ऐटीत भर घातली, “फिल्टरचं.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “खाणीत? या उन्हात?”

बाटली दहा वाजता संपते आणि मग संध्याकाळपर्यंत थुंकी गिळत काम करतो, हे त्याने घरी कधी सांगितलंच नव्हतं. पूर्वी तो ओल्या पोत्यात गुंडाळलेलं मडकं न्यायचा आणि दुपारपर्यंत ते रिकामं करायचा. डॉक्टरीणबाईंनी लघवीचा रंग विचारला. काळ्या चहासारखी, असं त्याने मान खाली घालून सांगितलं. लेक दाराशी उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. चुनखडीने ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे नजर वळवली.

मग तिने पदर खोचला आणि सरळच विचारलं, “आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. त्यानं खडा होतो का, तेवढं सांगा.”

डॉक्टरीणबाईंनी तिला बसायला सांगितलं. खड्याला कारणं अनेक, एकावर बोट ठेवून मी शपथ घेणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण घाम गाळायचा आणि पाणी कमी प्यायचं, हे खड्याला हमखास आमंत्रण. जड पाण्यात असतात ते बहुतेक चुन्याच्या जातीचे क्षार, हाडांत असतात तेच. त्यांनी माणसाचं वाईट होतं का, हे जाणकार कितीतरी वर्षं शोधताहेत आणि अजून तरी कुणाला ते ठामपणे दाखवता आलेलं नाही. काहींना उलट हृदयाला थोडं बरंच आढळलं, पण त्याचीही खात्री मी देणार नाही. ज्याला पुन्हा पुन्हा खडे होतात, त्याला त्याचा खडा पाहून सांगावं लागतं.

“पण जड असणं वेगळं आणि वाईट असणं वेगळं,” त्या म्हणाल्या. “पाण्यात दुसरंही काही असू शकतं. दात आणि हाडं खराब करणारं. जंतू असू शकतात. ते चवीला कळत नाही. तपासून घ्या.”

त्यांनी दोन स्वच्छ बाटल्या दिल्या. चुनखडीने त्या ओटीत घेतल्या. आली होती ती विहिरीची बाजू मांडायला आणि निघाली ती मनात कीड घेऊन. घरी आल्यावर तिने लेकीला उजेडात बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. बोटाने ओठ वर करून एकेक दात पाहिला. ही पोर पोटात असल्यापासून याच पाण्यावर वाढली होती. दात पांढरे होते, सरळ होते, एकावरही डाग नव्हता. लेक तशीच आ करून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आई, मीच मापून दिलं गं,” तोंड मिटल्यावर ती म्हणाली.

“मापून दिलंस ते प्रेमानं दिलंस,” चुनखडी म्हणाली. “आता मापू नकोस.”

तोवर वस्तीचा निकाल लागून गेला होता. वीस वर्षं ते पाणी पोटात साठत गेलं आणि आता त्याचा दगड झाला, हे सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी मुकादम आला. खाणही तोच बघायचा आणि वस्तीचा कारभारही. सोबत फिल्टरवाला होता. माणूस वाईट नव्हता. स्वतःचं म्हणणं त्याला मनापासून खरं वाटायचं, म्हणून तर लोक त्याचं ऐकत. फिल्टरवाल्याने चुलीजवळची किटली उचलली, आत बोट घातलं, नखाने खरवडलं आणि पांढऱ्या खपल्या सगळ्यांसमोर तळहातावर ओतल्या.

“वहिनी, किटलीत एवढं, तर दादांच्या पोटात किती असेल?”

अंगणात जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. चुनखडी उठली. तिने लिंबू कापलं आणि किटलीत पिळलं. आत चर्रर्र फेस आला आणि खपल्या सुटून खाली बसल्या. किटली रोज विस्तवावर आटते, माणूस विस्तवावर बसत नाही, असं तिने सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. पण डॉक्टरीणबाई तिथे नव्हत्या आणि खपल्या डोळ्यांसमोर होत्या. माणसं डोळ्यांचं ऐकतात. बायका एकेक करून निघून गेल्या आणि जाताना विहिरीपासून अंतर राखून गेल्या, जणू ती चावणार होती.

मुकादमाने फार बोलण्यात वेळ घालवला नाही. विहीर उघडी राहिली तर लोक पुन्हा तिकडेच वळतील आणि उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, असं तो म्हणाला. तिच्यावर झाकण बसवायचं. शिळा खाणीतून येईल. पाथरवटाला पंधरा दिवस खाणीवर चढता येणार नाही, तर त्याने ती घरीच बसून घडवावी.

पाथरवट खाटेवरून बघत होता. आपल्याच विहिरीचं झाकण आपल्याच हाताने. पण समोर मुकादम होता आणि बरं झाल्यावर खाणीवर तर जायचं होतं. त्याने मान हलवली. बायकोकडे मात्र बघितलं नाही.

तिला त्या हललेल्या मानेचा जेवढा राग आला, तेवढा फिल्टरवाल्याचाही आला नव्हता. पण तो तिने गिळला आणि मुकादमाला म्हणाली, “झाकण घडेल. पण बसेल ते कागद आल्यावर. तपासायला पाणी जातंय. त्यात वाईट निघालं तर तुमची माणसं लागणार नाहीत, पहिला खांदा मी लावीन. आणि चांगलं निघालं तर ती शिळा माझी.”

मुकादम हसला. कबूल, म्हणाला. पाण्याच्या बाटल्या दवाखान्याच्या गाडीने शहरात गेल्या.

शिळा आली. साडेतीन हात चौरस, वीतभर जाड. पाथरवटाने विहिरीशेजारीच ती लाकडी रुळांवर ठेवून घेतली आणि कामाला बसला. कमरेत कळ आली की थांबायचा, दातओठ खायचा आणि पुन्हा टाकी-छिन्नी चालवायचा. चुनखडी दर थोड्या वेळाने तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची आणि तो रिकामा होईपर्यंत हलायची नाही. पाणी विहिरीचंच. तिने तशी डॉक्टरीणबाईंना परवानगी विचारली होती. एवढी वर्षं प्यायलात, तर कागद येईपर्यंत उकळून प्या, पण भरपूर प्या, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणून ती उकळायची, गार करायची आणि पाजायची. नवरा-बायकोत त्या दिवसांत बोलणं असं झालंच नाही, तांब्या तेवढा येत-जात होता.

चौथ्या दिवशी सकाळी तो परसात गेला आणि तिथूनच एक आरोळी आली. चुनखडी धावली. तो भिंतीला धरून उभा होता, घामाने निथळत, पण हसत होता. खडा पडला होता. त्याने तो धुतला, तळहातावर घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि उभ्या जन्माच्या जाणकारीने निकाल दिला, “दगड चांगला आहे. याला चीर जायची नाही.”

ती हसली नाही. तो गंभीर झाला. खडा त्याने काड्यापेटीत ठेवला आणि तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मान हलवली, त्याचं डोक्यात घेऊन बसलीयेस.”

“बसलेच आहे. सहा पुरुष दगड ओढलाय मी. तुम्ही एका मानेत बुजवलात.”

तो शिळेकडे गेला. त्या दिवसापासून टाकीचा आवाज मात्र बदलला. नुसतं झाकणच घडवायचं तर कडा नीट केल्या की पुरे होतं. पण तो वरची बाजूही घासायला लागला. पाणी शिंपडून, वाळू टाकून, दगडाने दगड. झाकणाला एवढी गुळगुळीत पाठ कशाला, असं लेकीने विचारलं, तर म्हणाला, असू दे.

अंगणात आता कुणी येत नव्हतं. पहाटे कप्पीच्या कुरकुरीने वस्ती जागी व्हायची, तिथे एकटी चुनखडी पाणी शेंदायची. शेजारणीने तर वाटेत भेटल्यावर तिचा हात झटकला. त्या बाईच्या तीन मुलांनी पहिलं पाणी इथलंच प्यायलं होतं. चुनखडीला त्या झटक्याने रडू आलं आणि रडू आलं म्हणून जास्तच संताप आला. ती विहिरीच्या काठावर बसून राहायची. पाण्यात खाली स्वतःचं डोकं दिसायचं. वाईट निघालं तर? पाण्याने दगा दिला असेल, तर आपणच लेकीला वीस वर्षं विष पाजलं की काय? हे ती कुणाला बोलली नाही. पण वाईट निघालं तर खांदा लावायचा, एवढं तिने पक्कं केलं होतं. दिलेला शब्द फिरवून वाचवलेली विहीर तिला नको होती.

अकराव्या दिवशी मुकादम स्वतःच कागद घेऊन आला. दवाखान्यातून येता येता त्याने तो उघडला होता. मागे दहा-बारा माणसं पहारी घेऊन आली होती आणि त्यांच्यामागे बाकीची वस्ती. मुकादमाचा चेहरा पडलेला होता. जिंकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

“वहिनी,” तो म्हणाला, “पाण्याचं कठीण आहे.”

कुणी श्वास सोडला. कुणी हात जोडले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल वैद्याने जे सांगावं, ते विहिरीबद्दल सांगितलं गेलं होतं. फिल्टरवाला हळहळला. कठीण असं छापून आलंय म्हणजे आता बोलायला उरलंच काय, असं तो म्हणाला आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं.

चुनखडी सगळ्यांसमोर चालत शिळेपाशी गेली, पदर कमरेला बांधला आणि खांदा दगडाला लावला. शिळा रुळांवर होती. पहारी लागल्या. शिळा वीतभर पुढे सरकली आणि विहिरीच्या तोंडावर तिच्या कडेची सावली पडली.

“थांबा,” लेक म्हणाली. तिने मुकादमाच्या हातातला कागद घेतला होता. “अजून खाली लिहिलंय.”

मुकादम म्हणाला, वरची ओळ ठळक आहे, तीच महत्त्वाची. पण लेक वाचू लागली. ती रोज शिलाईच्या दुकानात ग्राहकांची मापं मोठ्याने वाचून दाखवायची, तशीच, एकेक ओळ, न अडखळता.

“पाण्याचा प्रकार, कठीण. म्हणजे जड. साबणाला फेस कमी येतो, भांड्यात थर बसतो. चुन्याचे क्षार जास्त, पण परवानगीच्या मर्यादेत.” तिने बोट खालच्या ओळीवर सरकवलं. “दात-हाडांना अपायकारक द्रव्य, मर्यादेच्या बरंच खाली. जंतू, नाहीत. शेवटी शिक्का आहे. पिण्यास योग्य.”

लेकीने शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले.

चुनखडी सरळ उभी राहिली. खांद्यावर दगडाची भुकटी लागली होती. तिने मुकादमाच्या, फिल्टरवाल्याच्या आणि हात झटकणाऱ्या शेजारणीच्या डोळ्यांत एकेक करून पाहिलं.

“कठीण आहे ते साबणाचं,” ती म्हणाली. “माणसाचं नाही. फिल्टरच्या पाण्यानं केस धुवा, हरभरे शिजवा, माझं काही म्हणणं नाही. पण घशाला कोरड घेऊन खाणीत मरू नका. बाटलीनं मापून पाणी पिणाऱ्याच्या पोटात काय होतं, ते त्या काड्यापेटीत आहे. हवं तर बघून घ्या.”

बघायला कुणी पुढे आलं नाही. पण खाणीवरचे तिघेचौघे एकमेकांकडे बघू लागले. बाटली त्यांचीही दहाला संपायची. मुकादमाने कागद हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, या खेपेला ओठ हलवत. मग त्याने पहारी खाली ठेवायला सांगितल्या. आता या शिळेचं काय करायचं, असं तो पुटपुटला.

“ती माझी ठरली होती,” चुनखडी म्हणाली.

एवढा वेळ पाथरवट बाजूला उभा होता. त्याने कुणाला विचारलं नाही. शिळा मागे सारायला लावली, विहिरीच्या काठाशी सपाट बसवली, घागरी टेकवायला सोयीची होईल अशी. मग टाकी आणि हातोडा घेऊन तो त्या गुळगुळीत पाठीवर मांडी घालून बसला. वस्ती बघत राहिली. अक्षरं तो सावकाश कोरत होता. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी फुंकर मारून साफ करत होता. फिल्टरवाल्याने मान वाकडी करून वाचलं.

“अहो दादा, कठीण हा शब्द कशाला घालता? उद्या वाचून कुणी घाबरलं तर?”

“घाबरू दे,” चुनखडी म्हणाली. “घाबरलं की घशाला कोरड पडते. मग पाणी लागतंच.”

शेजारीण हसली. आधी ती एकटीच हसली, मग तिने पुढे होऊन कप्पीवरचा दोर धरला.

ऊन कलायला लागलं तेव्हा अक्षरं पुरी झाली. पाथरवट उठला. हात, भुवया, छाती, सगळं पांढरं झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी विहिरीतून वर यायचा तेव्हा दिसायचा तसाच. दगडावर ठसठशीत लिहिलं होतं: पाणी कठीण. पोटभर प्या.

त्याने बायकोकडे पाहिलं. या खेपेला सरळ पाहिलं. तिने नुकतंच शेंदलेलं पाणी तांब्यात ओतून त्याच्या हातात दिलं. तो एका दमात प्यायला. पाणी हनुवटीवरून ओघळून छातीवरच्या पांढऱ्या भुकटीत रेघा पाडत गेलं. त्याने रिकामा तांब्या खाली ठेवायला हात पुढे केला.

“अजून एक,” ती म्हणाली.